पंखा लावू नका! घरी केलेल्या वाढदिवसांचे अनुभव

कात्रीवाली

पुढच्या महिन्यात धाकटी सहा वर्षांची होतेय. परवा सजावटवाल्याला फोन केला. फुग्यांची कमान, मागचा पडदा, नावाची अक्षरं आणि वीस मुलांसाठी भेटपिशव्या, एवढ्याचे त्यानं अठरा हजार सांगितले. वर विचारलं, "थीम काय ठेवायची मॅडम?" आमच्या घरात बारा महिने एकच थीम, पसारा. "विचारून कळवते" म्हणून फोन ठेवला आणि तेव्हापासून डोक्यात लहानपणचं आमचं डोंबिवलीचं घर फिरतंय.

१९८७ साल असेल. बाबा ऑफिसातून येताना लाल आणि पिवळा क्रेप आणायचे. त्याच्या दोन बोटं रुंद पट्ट्या कापायच्या, दोन रंग एकत्र धरून पीळ द्यायचा आणि खोलीच्या चार कोपऱ्यांतून मध्यावर पंख्याच्या दांडीपर्यंत ताणायच्या. दांडीला एक मोठ्ठा फुगा. फुगवायच्या आधी त्यात चुरमुरे, रंगीत कपटे आणि लिमलेटच्या गोळ्या भरायच्या. केक कापून झाला की बाबा स्टुलावर चढून त्याला टाचणी लावणार आणि खाली आम्ही ओंजळी करून उभे, असा दरवर्षीचा कार्यक्रम. त्या वर्षी काकांना उकडलं. बोलता बोलता त्यांनी सवयीनं भिंतीवरचं बटण दाबलं. चारी झिरमिळ्या बघता बघता पंख्याभोवती गुंडाळल्या गेल्या, फुगा पात्याला लागून फुटला आणि चुरमुरे केकवर, वेफर्सच्या ताटल्यांत, आजीच्या अंबाड्यात. आम्ही पोरं गोळ्या वेचण्यात दंग. बाबांनी काकांशी आठवडाभर अबोला धरला होता. त्याच्या मागचे-पुढचे सगळे वाढदिवस मी विसरलेय, हा तेवढा आठवतो.

तर यंदा घरीच करायचं ठरलंय. तुम्ही मुलांच्या वाढदिवसाला घरी काय काय केलंत ते लिहा. सजावट, रिटर्न गिफ्ट, काहीही. फसलेलं आधी लिहा. पोरांनी काय घरी नेलं आणि काय आमच्याच सोफ्याखाली सोडलं, तेही. "अगदी सोप्पं, दहा मिनिटांत होतं" असं लिहिणाऱ्यांनी घड्याळ लावून केलं असेल तरच लिहावं.


पेठेतली पताका

घड्याळ लावून केलंय. बारा फुटांच्या दोन भिंती, त्यावर एकेचाळीस पताका, दोन तास चाळीस मिनिटं. यात आठ वर्षांच्या मुलाची मदत धरली आहे. ती नसती तर दीड तास.

आमच्या गल्लीतल्या मंडळाची पोरं करतात तसंच करायचं. पुण्यातल्या बोहरी आळीतून पतंगी कागद आणायचे. सात-आठ कागद एकावर एक ठेवून, घडी घालून, एकदाच पात्यानं कापायचे. कात्रीनं एकेक कापत बसलात तर मेलात. वरच्या कडेला इंचभर जास्त सोडायचा, तो इंच सुतळीवरून दुमडून खळीनं चिकटवायचा. सहा इंचाची पताका, एक इंच मोकळी सुतळी, असा हिशेब.

खळ म्हणजे दोन चमचे मैदा थोड्या थंड पाण्यात गुठळ्या मोडून कालवायचा, मग वाटीभर पाणी घालून मंद आचेवर चकाकी येईपर्यंत ढवळायचा. पूर्वी खळीत मोरचूद घालायचे, कीड लागू नये म्हणून. ते विष आहे, पोरं हात घालणार असतील तर अजिबात नको. त्यापेक्षा रोज ताजी करावी. मी शहाणपणा करून आदल्या आठवड्यातच सगळ्या माळा तयार केल्या आणि माळ्यावर ठेवल्या. वाढदिवसाच्या सकाळी काढल्या तर नुसती सुतळी! उंदरानं खळ लागलेला इंच तेवढा खाल्ला होता, बाकी त्रिकोण जसेच्या तसे तळाशी. मग उरलेल्या त्रिकोणांना स्टेपलर मारला. आता मी स्टेपलरवालीच आहे.

आणखी एक. जुन्या लोकांना अक्षरं थर्माकोलमध्ये कापायची सवय असते. आमच्या सासऱ्यांचा हात त्यात फार सुरेख, गरम तारेनं मोडीसुद्धा कापतील. पण महाराष्ट्रात २०१८ च्या प्लास्टिकबंदीत सजावटीचं थर्माकोलही आलं, तेव्हापासून ते पुठ्ठ्यावर आले आहेत. पुठ्ठ्यात तेवढी बारीक कलाकुसर येत नाही ही त्यांची तक्रार अजून चालू आहे.


रिकामा खोका

मी बाबा आहे. आधीच सांगतो, म्हणजे पुढचं वाचून दया येईल.

मुलगा ऑगस्टमधला. मी कुठेतरी पिन्याटा पाहिला आणि म्हटलं, हा मी करणार. मोठा फुगा फुगवायचा, त्यावर वर्तमानपत्राचे तुकडे खळीत बुडवून चिकटवायचे, वाळले की फुगा फोडायचा, आत गोळ्या-चॉकलेटं भरून टांगायचा. मुलांनी डोळे बांधून काठीनं फोडायचा. सगळीकडे लिहिलंय की दोन-तीन थर पुरतात. मी स्थापत्यशास्त्र शिकलेला माणूस. तीन थर? ते कसं चालेल? मी सात दिले.

ऑगस्टात, ठाण्यात, ओला कागद. तीन दिवस झाले तरी वाळेना. चौथ्या दिवशी वास यायला लागला. मग रात्री साडेबारा वाजता हेअर ड्रायर घेऊन बसलो. बायकोनं दार उघडून पाहिलं, काही न बोलता दार लावून घेतलं. पाचव्या दिवशी मात्र तो असा कडक झाला की टिचकी मारली की घुमटासारखा वाजायचा. मला फार अभिमान वाटला होता.

चौदा मुलं. प्रत्येकानं तीन-तीन दणके दिले. काही नाही. दुसरी फेरी. काही नाही. प्लास्टिकची बॅट वाकली. एक मुलगी रडायला लागली, "यात काहीच नाहीये, काका खोटं बोलतायत." मग मोठी माणसं उतरली. माझा मेव्हणा कॉलेजात फास्ट बोलर होता, त्यानं खऱ्या बॅटनं हाणला, तर दोरी तुटून पिन्याटा गॅलरीपर्यंत गडगडत गेला, पण अखंड. शेवटी सासूबाई स्वयंपाकघरातून बत्ता घेऊन आल्या. जमिनीवर ठेवून, पायानं दाबून, नारळ फोडतात तसा त्यांनी तो फोडला. आतली चॉकलेटं वितळून एकमेकांना चिकटली होती. ड्रायर.

दुसऱ्या वर्षी डोकं चालवलं. नाहीतरी श्रावण, मग पिन्याटा कशाला, हंडीच करू. (मेक्सिकोतही मुळात मातीचं मडकंच असायचं आणि त्याला वरून कागद लावायचे, हे नंतर वाचलं तेव्हा जरा बरं वाटलं.) खरं मडकं डोक्यावर नको म्हणून पुठ्ठ्याचीच हंडी. तळाला एक झडप, आणि झडपेला पंधरा सुतळ्या लोंबत्या सोडल्या. त्यातली एकच खरी बांधलेली, बाकीच्या नुसत्या चिकटवलेल्या. प्रत्येकानं एकेक ओढायची. नवव्या पोरानं ओढली आणि धबाधबा सगळं खाली. कोणाच्या हातात काठी नाही, कोणाचं डोकं फुटायची भीती नाही. ही कल्पना चोरावी अशी विनंती आहे.


वॉर्ड नंबर चार

लहान मुलांच्या वॉर्डात नर्स आहे, म्हणून रसभंग करते. फुटलेल्या फुग्याचे तुकडे लगेच उचला. लहान पोरं ते तोंडात धरून ओढतात, त्याचे छोटे फुगे करतात, आणि श्वास आत घेतला की तुकडा घशात. अमेरिकेत फुग्यांच्या पाकिटावर आठ वर्षांखालच्या मुलांसाठी तसा इशारा छापावाच लागतो. दुसरं म्हणजे रिटर्न गिफ्टमध्ये चमचमणाऱ्या अंगठ्या, लाइटवाले घड्याळ वगैरे देऊ नका. त्यातला बटणासारखा सेल गिळला गेला तर दोन तासांतसुद्धा अन्ननलिका भाजते. कागदाच्या पताका द्या, त्या खाल्ल्या तरी चालतात. (उंदीर खातात हे वर वाचलंच.)


चुडत

आमचं गाव मालवणच्या बाजूला. मी मुंबईत, पोरगी मे महिन्यातली, त्यामुळे तिचा प्रत्येक वाढदिवस गावच्या घरी. तिसऱ्या वर्षी मी मुंबईहून दादरला घेतलेल्या सजावटीची मोठी पिशवी नेली होती. ती एसटीतच राहिली. मी कणकवलीला फोन लावतोय, कंडक्टरला शोधतोय, आणि आबा खळ्यात बसून बघतायत.

"बाजारातून कित्याक हाडूक व्हया? माडार काय कमी आसा?"

पाडेली (नारळ पाडणारा) बोलावला, चार हिरवी चुडतं, म्हणजे माडाच्या झावळ्या, उतरवली. दोन चुडतं मधून चिरून दाराच्या दोन्ही बाजूंना अशी बांधली की पाती आत झुकून कमान झाली. फुग्यांची कमान त्यापुढे फिकी. मग आबांनी पात हीरापासून (मधल्या काडीपासून) सोलायला घेतली. त्या हातांनी मी लहानपणी फक्त मार खाल्ला होता, ते असे चालतात हे माहीत नव्हतं. भिरभिरं, घड्याळ, चेंडू, पोपट. पात गुंडाळून पिपाणी, मोठी गुंडाळली की आवाज जाड, लहान असली की चिरका. वाडीतली अकरा पोरं समोर बसली आणि आबा एकेकाला विचारतायत, तुला काय पाहिजे. रिटर्न गिफ्ट जेवणाच्या आधीच वाटून झालं आणि पुढचे तीन तास पिपाण्या वाजत होत्या. आई म्हणाली, पुढच्या वर्षी घड्याळंच करा.

फसलं ते असं. मला वाटलं, मुंबईच्या शाळेतल्या मित्रांनाही न्यावं. आबांकडून वीस पोपट करून घेतले, पिशवीत भरून आणले. मुंबईत उघडले तर सगळे तपकिरी पडून आक्रसलेले, चोची वळलेल्या, शेपट्या झडलेल्या. पोरगी म्हणाली, "बाबा, हे आजारी आहेत." माडाची पात त्या दिवसापुरतीच. ओल्या फडक्यात गुंडाळली तर दुसरा दिवस निघतो, एवढंच.

आबा गेले २०२१ ला. मला फक्त भिरभिरं आणि घड्याळ येतं. चेंडूची घडी दोनदा बघितली होती, पण तिसऱ्या वळणाला अडकतो. कोणाला येत असेल तर सांगा.


संत्र्याची पेटी

नागपूर. पोराचा वाढदिवस १७ मे. बस, इथंच अनुभव संपला असं समजा.

नाही, सांगते. बाहेर ४५, घरात कूलर. फुगे उन्हाच्या खोलीत ठेवले तर फट फट फट, आपोआप. म्हणून सगळे कूलरच्या खोलीत लावले. पताका पण तिथंच. आता कूलरची हवा म्हणजे ओली, आणि तिचा झोत असा की साडी उडते. मी स्टुलावर चढून चिकटपट्टी लावून राहिली होती आणि मागून एकेक पताका सुटून राहिली होती. क्रेप तर ओला होऊन भिंतीला लागला, गुलाबी ओघळ अजून आहेत. कूलर बंद करा म्हटलं तर पोट्टे म्हणे काकू, मरून जाऊ.

पण उन्हाचा एक फायदा झाला. घरात मोडक्या खडूंचा, म्हणजे मेणाच्या क्रेयॉनचा डबा भरून होता. दोन्ही पोरांचे सात वर्षांचे तुकडे. पोरांनीच बसून कागद सोलले. कपकेकच्या साच्यात रंग मिसळून भरले आणि ताट गच्चीवर ठेवलं. मला वाटलं आपल्या उन्हात तर लोखंड वितळते. बाप्पा, नाही वितळले पूर्ण! मऊ पडून एकमेकांना चिकटले फक्त. शेवटी उकळत्या पाण्याच्या गंजात (पातेल्यात) दुसरं जुनं भांडं ठेवून त्यात वितळवले, साच्यात ओतले, गार झाले की टक्‌कन निघाले. एकेक खडू चार-पाच रंगांचा, रेघ ओढली की मधेच रंग बदलतो. भांडं मात्र त्याच कामाला ठेवा, मेण निघत नाही. आणि ओतायचं काम मोठ्यांनी करायचं.

वाढदिवसाला दोन दोन दिले, जुन्या वहीच्या कागदाच्या पुडीत. पोरांच्या आया नंतर विचारून राहिल्या होत्या का कुठून आणले. खर्च शून्य. सोलायला तीन दुपारी लागल्या, पण मे महिन्यात दुपारी पोरांना घरात डांबायला काहीतरी लागतेच.


दोनच हात

सगळं वाचलं. छान आहे. आता एक कडू लिहू का?

मी नोकरी करते, संध्याकाळी सव्वासातला घरी येते. लेकाच्या पाचव्या वाढदिवसाला सगळं घरी करायचं ठरवलं, कारण शाळेतल्या एका आईनं केलं होतं आणि सगळ्यांनी वाहवा केली होती. पंचवीस कागदी मुकुट, पंचवीस शिवलेले बटवे, केक घरचा. रात्री दोन वाजता शिलाई मशीनचा दोरा सारखा तुटत होता आणि मी स्वयंपाकघराच्या फरशीवर बसून रडत होते. नवरा झोपलेला. त्याचं म्हणणं, "तूच ठरवलंस ना?" दुसऱ्या दिवशीच्या प्रत्येक फोटोत माझे डोळे सुजलेले आहेत. मुकुट मुलांनी दहा मिनिटं घातले. सतरा आमच्याकडेच राहिले.

घरी करायचं म्हणजे आईनं करायचं, हे कोणी उघड बोलत नाही, पण असतं तसंच. सजावटवाल्याला पैसे दिले की पैशांचा हिशेब लागतो. माझ्या रात्रींचा कोणी लावला? पुढच्या वर्षी मी फुगेवाल्याला बोलावलं, तो दीड तासात करून गेला, आणि मी केक कापताना हसत होते. मला त्यात काही कमीपणा वाटत नाही.


रिकामा खोका

हे वाचून बायकोला दाखवलं. ती म्हणाली, "तुझ्या पिन्याटाच्या वेळी चौदा पोरांचं खाणं, घर आवरणं आणि पाहुण्यांच्या गाद्या कोणी केल्या ते नाही लिहिलंस." नाही लिहिलं. आता लिहिलं.


कात्रीवाली

दोनच हात, बरं झालं लिहिलंत. मी ही यादी वाचून भराभर अकरा गोष्टी कागदावर उतरवल्या होत्या. आता त्यातल्या तीनच ठेवल्या आहेत आणि समोर नावं लिहिली आहेत. माझं नाव एकासमोर. नवऱ्याला पताका दिल्या, स्टेपलरसकट.


हलवा

आमचा नातू जानेवारी अखेरचा. सुनेनं केकची चर्चा सुरू केली तेव्हा मी म्हटलं, बोरन्हाण आणि वाढदिवस एकत्रच करू. तसंही बोरन्हाण संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कधीही चालतं. पोराला काळा झबला, हलव्याचे दागिने, पाटावर बसवायचं, औक्षण करायचं आणि डोक्यावरून बोरं, चुरमुरे, हरभरे, उसाचे करवे, रेवड्या, तिळाच्या वड्या ओतायच्या. मग जमलेल्या मुलांनी लुटायचं. मी तर म्हणते, आपल्याकडचं रिटर्न गिफ्ट ते हेच. वाटायचं नाही, लुटायचं. वाटलेल्या पिशवीत पोरं बघतात, "त्याला निळं, मला का हिरवं." लुटलेल्यात भांडण होत नाही. होतं, पण वेगळं होतं.

लूट न्यायला मी खणाच्या उरलेल्या तुकड्यांचे बटवे शिवले, अठरा. आठवडाभर, दुपारी, रेडिओ लावून. मला वेळ आहे, म्हणून केलं. वरच्या ‘दोनच हात’वाल्या मुलीला हे मुद्दाम सांगते आहे.

हलव्याचे दागिने मात्र विकत आणू नका, घरीच करा, मजा आहे. हलवा विकतचा चालेल, तो काटेरी यायला कढईशी तासन्‌तास बसावं लागतं, ते आता माझ्याच्यानं होत नाही. पुठ्ठ्यावर सोनेरी कागद लावायचा, हलव्याच्या दाण्यांना दोऱ्याचा फास घालून माळा ओवायच्या. मुकुट, हार, बाजूबंद, बासरी. फेविकॉलनं चिकटवलेला हलवा पोरं चाटतात, म्हणून मी दोऱ्यानंच करते. मुकुट आदल्या रात्री टेबलावर ठेवला आणि सकाळी त्याला मुंग्यांची काळी किनार! झटकून, फुंकून, उन्हात ठेवून तसाच घातला. एक मुंगी राहिली असावी. सगळ्या फोटोंत नातवाचा हात कानावर आहे.


तास तिसरा

जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. माझ्या मुलीच्या नवव्या वाढदिवसाला भेटवस्तू दिलीच नाही, करून घेतली. पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी कचऱ्यातून जी खेळणी उभी केली (२०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली), त्यातली दोन घेतली.

एक, कागदी मासा. वर्तमानपत्राची बोटभर रुंद, वीतभर लांब पट्टी. एका टोकाजवळ वरून अर्ध्यापर्यंत चीर, दुसऱ्या टोकाजवळ खालून अर्ध्यापर्यंत. दोन्ही चिरा एकमेकींत अडकवल्या की मासा. उंचावरून सोडला की गरगरत खाली येतो. सोळा मुलं, गच्चीचा कठडा (मी कठड्याशी पहारा करत होतो), आणि पाऊण तास. कोणाचा जास्त वेळ हवेत राहतो, पट्टी रुंद केली तर काय, कागद जाड घेतला तर काय, हे त्यांनी आपणहून सुरू केलं. मी एक शब्द बोललो नाही. शिक्षकाला हे फार अवघड असतं.

दुसरं, स्ट्रॉची पिपाणी. टोक चपटं करून दोन्ही बाजूंनी तिरकं कापलं आणि ओठांत धरून जोरात फुंकलं की वाजते. कापत कापत आखूड केली की आवाज चढत जातो. इथे फसलो. १ जुलै २०२२ पासून प्लास्टिकच्या स्ट्रॉवर देशभर बंदी आहे (फुग्यांच्या प्लास्टिक काड्यांवरही), म्हणून कागदी आणल्या. कागदी स्ट्रॉचं टोक थुंकीनं भिजून लोळागोळा होतं, दोन फुंकरी आणि संपली. मग शेजारच्या परसातून पपईच्या पानांचे पोकळ देठ आणले, आम्ही लहानपणी त्याच्याच पिपाण्या करायचो. चीक नीट धुवून घ्यावा लागतो, त्यानं ओठ चुरचुरतात. आवाज म्हशीसारखा. मुलं खूश. शेजारी नव्हते.


बर्फातली

शिकागो. फेब्रुवारी. बाहेर उणे पंधरा, त्यामुळे सोळा पोरं घरातच.

इथे भेटपिशवीत खाऊ घालायचा तर दहा प्रश्न. शेंगदाणा नको, काजू नको, तीळ नको. चिक्की, तिळगूळ, लाडू सगळं बाद. म्हणून म्हटलं, खाण्याचं नकोच, खेळायचं पीठ करू. कपभर मैदा, अर्धा कप मीठ, चमचाभर तेल, चमचाभर लिंबाचा रस, कपभर पाणी. सगळं कालवून मंद आचेवर गोळा होईपर्यंत हलवायचं, गार झाल्यावर मळायचं. हळद घातली की सुंदर पिवळा, बिटाचा रस घातला की गुलाबी. घट्ट झाकणाच्या डबीत तीन-चार आठवडे सहज टिकतो. अठरा डब्या भरल्या, लेकीनं प्रत्येकीवर मित्रांची नावं घातली, एक नाव दोनदा चुकली आणि दोनदा रडली.

आदल्या रात्री एका आईचा मेसेज, "यात गहू आहे का? आमच्याकडे सीलिअ‍ॅक आहे, बोटं तोंडात जातात." सीलिअ‍ॅक म्हणजे गहू पोटात गेलेला चालत नाही, आणि मैदा म्हणजे गहूच की! मी खाण्याच्या यादीत सगळं तपासलं होतं आणि हे खाणं नाही म्हणून विचारच केला नव्हता. रात्री अकरा वाजता तांदळाच्या पिठाचा वेगळा गोळा केला, नव्या भांड्यात, नव्या चमच्यानं. तो जरा भुरभुरीत झाला, उकडीसारखा. उकड काढायची सवय हातात होती म्हणून पटकन वळला, एवढं खरं. आता पहिल्यापासून सगळ्यांनाच तांदळाचा करते. कुत्रा असलेल्या घरांना सांगून देते, एवढं मीठ त्यांच्या पोटात गेलं तर धोक्याचं असतं.


एक जून

माझं वय ७४. माझा वाढदिवस कागदोपत्री १ जून, कारण शाळेत नाव घालताना मास्तरांनी तोच लिहिला. आमच्या वर्गात निम्म्या मुलींचा वाढदिवस त्याच दिवशी होता! आईला माझी तिथी आठवायची, आषाढातली. त्या दिवशी पाटाभोवती रांगोळी, निरांजनानं ओवाळणं आणि वाटीभर शेवयांची खीर. सजावट म्हणाल तर ती रांगोळीच, आणि ती मीच काढायची.

सत्तरीला नातवंडांनी घर सजवलं. मला खोलीत बसवून दार लावलं होतं. बाहेर आले तर भिंतभर पताका, आणि प्रत्येक पताका माझ्या जुन्या साड्यांची. नारायणपेठ, धारवाडी, पोरांच्या मुंजी-लग्नातल्या. कात्री लावलेल्या. मी बघतच राहिले. डोळ्यात पाणी आलं, ते त्यांना आनंदाचं वाटलं. खरं सांगू? त्यातली एक नारायणपेठ मी नेसणार होते त्या दिवशी. कपाटात शोधून आले होते.

कापायच्या आधी विचारावं, एवढंच म्हणणं आहे. माळ अजून जपून ठेवली आहे.


कात्रीवाली

काल झाला वाढदिवस. थोडक्यात लिहिते, अंग मोडून आलंय.

पताका नवऱ्यानं केल्या, उलट्या स्टेपल केल्या, टोकं वर. कोणाच्या लक्षात आलं नाही. सुतळ्यांची हंडी जमली, पण खरी सुतळी दुसऱ्या नंबरच्या पोरीनंच ओढली, त्यामुळे बाकीच्यांना उरलेल्या सुतळ्या ओढू द्याव्या लागल्या आणि मग हंडीच खाली आली. खडू आम्ही वीस केले होते. सतरा गेले, तीन सोफ्याखाली.

माझं काम होतं क्रेपच्या झिरमिळ्या. चार कोपरे, मध्ये पंख्याची दांडी, फुग्यात चुरमुरे आणि गोळ्या. बटणावर आडवी चिकटपट्टी लावून "पंखा लावू नका" असं लाल अक्षरात लिहिलं होतं. केक कापून झाला, मी टाचणी शोधत होते. लेकीनं तोवर सगळ्या मैत्रिणींना पंख्याची गोष्ट सांगून टाकली होती. वीस जणी खाली मान वर करून उभ्या. "आई, आता लाव ना."

काढली चिकटपट्टी.

क्रेपचा लाल रंग छताला गोल लागलाय. घरमालक रविवारी येतात.